एका मातेची दुसरीला मदत



मागील महिन्यात मिस्सानंतर एका भगिनीने मला बाजूला बोलावून एक प्रश्न विचारला. लग्नाला बरीच वर्षे झाली, मूल नाही. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन लिहून दिले आणि घरी कोणीतरी सांगितले की ते गरोदर बायकांच्या लघवीपासून बनवतात. "फादर, असे औषध घेतले तर पाप लागते का? त्या बाईचे काही माझ्या बाळात येईल का?" तिच्या परवानगीने, नाव न सांगता, येथे उत्तर देत आहे. (रविवारी सकाळी लघवी हा शब्द वाचून कोणी नाक मुरडू नये. शरीर देवानेच घडविले आहे.)

तिने ऐकले ते खोटे नाही. गर्भ रुजला की वारेच्या पेशींतून एचसीजी नावाचे संप्रेरक स्रवू लागते. त्यामुळे पाळी थांबते व गर्भ टिकतो. पहिल्या तीन महिन्यांत ते भरपूर असते आणि लघवीवाटे बाहेरही पडते. आशाताई जे 'निश्चय' किट देतात, त्यात हेच तपासले जाते. ज्या स्त्रीचे बीज वेळेवर सुटत नाही, तिला हेच संप्रेरक टोचले तर पिकलेले बीज सुमारे दीड दिवसात बाहेर पडते. ते शुद्ध करून काढलेले प्रथिन असते. त्यात कोणाचा वंश नाही, कोणाचे आईपण नाही. मोहाचे झाड रात्री फुले टाकते, पहाटे आपण ती वेचतो, झाडाचे काही कमी होत नाही. तसेच हे आहे.

हॉलंडमधील ओस या गावी 1931 साली 'मातांसाठी माता' अशा अर्थाच्या नावाने एक उपक्रम सुरू झाला. गरोदर स्त्रिया सुरुवातीच्या आठवड्यांत आपली लघवी बाटल्यांत साठवीत आणि दर आठवड्याला माणूस दारात येऊन ती घेऊन जाई. कोणाच्या कुशीसाठी हे आहे, ते देणारीला कधी कळत नसे. आपल्या महाराष्ट्रात अंबरनाथला कारखाना असलेली भारत सीरम्स ही कंपनीही हे औषध विकते. आता प्रयोगशाळेत पेशींपासून बनविलेले एचसीजीही मिळते, पण ते महाग पडते.

आणखी एक हकीकत तर आपल्या ख्रिस्तसभेच्या घरातलीच आहे. पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या लघवीत बीज वाढविणारी दुसरी संप्रेरके असतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ब्रुनो लुनेनफेल्ड या तरुण यहुदी डॉक्टरांना ती हवी होती, पण इतक्या वृद्ध स्त्रिया एके ठिकाणी मिळणार कोठे? रोमच्या सेरोनो कंपनीच्या संचालक मंडळावर पोप पायस बारावे यांचे पुतणे जुलिओ पाचेल्ली होते. त्यांनी मध्यस्थी केली आणि इटलीतील मठांमधल्या वृद्ध धर्मभगिनींनी आपली लघवी दिली. त्या औषधाने 1962 साली इस्राएलमध्ये पहिले मूल जन्मले. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या या स्त्रियांनी एका अनोळखी कुटुंबात पाळणा हलविला, हे मला फार मोलाचे वाटते.

आता पापाविषयी. 2008 च्या 'दिग्नितास पेर्सोने' या पत्रकात ख्रिस्तसभेने स्पष्ट म्हटले आहे की, संप्रेरकांचे उपचार नैसर्गिक प्रजननातील अडथळा दूर करीत असतील तर ते योग्य आहेत. औषध पतिपत्नीच्या मीलनाला साहाय्य करते, त्याची जागा घेत नाही. परक्या स्त्रीचे बीज घेणे वेगळे, कारण त्याबरोबर आईपणही येते. टेस्ट ट्यूब पद्धत ख्रिस्तसभा मान्य करीत नाही. पण तसे जन्मलेले बालकही देवाचे पूर्ण देणेच आहे, त्याला कोणी बोल लावू नये. आणि आपल्याकडे कोणी असे दान मागायला आलाच, तर कशासाठी व कोणासाठी हे आधी विचारा. न सांगता घेतलेले दान नव्हे.

आपल्या जंगलपट्टीत मात्र इंजेक्शनाच्या आधीची एक पायरी वारंवार राहून जाते. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि आधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. अंगावर काढलेला जंतुसंसर्ग गर्भनलिका बंद करू शकतो. तेथे हे इंजेक्शन काय करणार? शिवाय दोष पुष्कळदा पुरुषात असतो, तरी वांझ म्हणून बोट दाखविले जाते ते बाईकडेच. डोहाळजेवणाला तिला बोलावणे टाळणारी घरे आपल्या धर्मग्रामातही आहेत, हे मी पाहिले आहे. गर्भवती मारिया डोंगर चढून एलिझाबेथकडे गेली, ती लोक वांझ म्हणत असलेल्या बाईच्या घरी, हे त्या घरांनी आठवावे.

त्या भगिनीला मी म्हटले, औषध निःशंकपणे घे, पण आधी दोघांची तपासणी होऊ दे. गेल्या गुरुवारी ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली.

– आपला, धर्मगुरू