घटक ४ : फाशांचे दान आणि संभाव्यतेची मोजणी

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• समसंभाव्य निष्पत्ती म्हणजे काय, हे सांगता येईल.
• दोन व तीन फाशांवरील बेरजेची संभाव्यता काढता येईल.
• अनुभव आणि गणित यांत विसंगती दिसल्यास मोजणी कोठे तपासावी, हे सांगता येईल.

४.१ प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, ‘मनासारखे दान पडणे’ हा वाक्प्रयोग आपल्या परिचयाचा आहे. कोणते दान पडेल हे आधी सांगता येत नाही. परंतु ते पडण्याची शक्यता किती, हे मोजता येते. या मापालाच संभाव्यता म्हणतात. प्रयोगातील सर्व निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडून येण्याची सारखीच शक्यता असलेल्या असतील, तर

घटनेची संभाव्यता = अनुकूल निष्पत्तींची संख्या ÷ एकूण निष्पत्तींची संख्या

१ ते ६ ठिपक्यांचा एक निर्दोष फासा टाकला, तर एकूण निष्पत्ती सहा होतात. सम संख्या मिळण्यास २, ४ व ६ या तीन निष्पत्ती अनुकूल आहेत. म्हणून संभाव्यता ३/६, म्हणजे १/२. सूत्र सोपे आहे. काळजी घ्यावी लागते ती निष्पत्ती कशाला म्हणावे, हे ठरवताना.

४.२ दोन फासे
एक लाल व एक पांढरा असे दोन फासे घ्या. लाल फाशाच्या प्रत्येक अंकाबरोबर पांढऱ्या फाशाचे सहा अंक येऊ शकतात; म्हणून एकूण निष्पत्ती ६ × ६ = ३६. बेरीज २ येण्याचा मार्ग एकच : दोन्हींवर १. बेरीज ३ मात्र दोन प्रकारे येते : लाल १ व पांढरा २, किंवा लाल २ व पांढरा १. म्हणून बेरीज २ ची संभाव्यता १/३६, तर बेरीज ३ ची २/३६ आहे.

आता दोन्ही फासे पांढरे घेतले, तर या दोन निष्पत्ती डोळ्यांना सारख्या दिसतील. परंतु रंग बदलल्याने फाशांचे पडणे बदलत नाही. निष्पत्ती दोनच राहतात.

४.३ गॅलिलिओपुढील प्रश्न
सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील शास्त्रज्ञ गॅलिलिओ यांनी तीन फाशांच्या खेळातील एका कोड्याचा विचार केला. बेरीज ९ आणि बेरीज १० या दोन्ही प्रत्येकी सहा गटांनी मिळतात. मग दोन्हींची शक्यता सारखी असावयास हवी. खेळणाऱ्यांचा दीर्घ अनुभव मात्र सांगत होता, की १० हे दान अधिक वेळा पडते. चूक अनुभवाची की मोजणीची?

प्रत्येक गट किती प्रकारे पडू शकतो, ते पाहा. तिन्ही अंक भिन्न असल्यास ६ प्रकार, दोन समान असल्यास ३ आणि तिन्ही समान असल्यास १.

बेरीज ९ : १-२-६ (६), १-३-५ (६), १-४-४ (३), २-२-५ (३), २-३-४ (६), ३-३-३ (१), एकूण २५.

बेरीज १० : १-३-६ (६), १-४-५ (६), २-२-६ (३), २-३-५ (६), २-४-४ (३), ३-३-४ (३), एकूण २७.

एकूण निष्पत्ती ६ × ६ × ६ = २१६. म्हणून संभाव्यता अनुक्रमे २५/२१६ व २७/२१६. अनुभव खरा होता. गट सहा-सहा असले, तरी ते समसंभाव्य नव्हते. फरक २१६ मध्ये केवळ २ एवढा आहे. एका डावात तो जाणवणार नाही. परंतु सारख्याच रकमेची पैज सतत ९ वर लावणारा, १० वर लावणाऱ्याच्या तुलनेत दीर्घकाळात मागे पडण्याचीच शक्यता अधिक.

४.४ सारांश
सूत्रातील भागाकार करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : मी मोजलेल्या निष्पत्ती खरोखर समसंभाव्य आहेत काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रत्येक गट त्यातील मूळ निष्पत्तींमध्ये विभागून पुन्हा मोजावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. दोन फाशांवरील बेरीज ७ येण्याची संभाव्यता बेरीज ८ पेक्षा अधिक का, ते निष्पत्ती लिहून दाखवा.
२. नाणे दोनदा उडवल्यास निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७५४ साली २/३ मानली. पहिल्याच वेळी छापा, आधी काटा मग छापा आणि दोन्ही वेळा काटा, अशा तीनच निष्पत्ती त्यांनी धरल्या. या तिन्ही समसंभाव्य आहेत काय? योग्य उत्तर काढा.