कर्दळ आणि आमचा गळका टब

मी पडले कॉन्व्हेंटवाली. त्यामुळे थर्ड इयरपर्यंत हे झाड मला फक्त 'कॅना' म्हणूनच माहीत होतं. चौकातल्या बागेत लाल-पिवळी फुलं येतात ना, तेच. प्रोजेक्टसाठी कंद मागायला आजीकडे गेले तर ती म्हणाली, "अगं, ही तर कर्दळ! मोरीच्या पाण्यावर वाढते."

आमचा अख्खा प्रोजेक्ट तिने एका वाक्यात सांगितला! टबात खडी, खडीत कर्दळ आणि खडीच्या आतून सावकाश जाणारं सांडपाणी. याला रूट झोन पद्धत म्हणतात. घाण खातात ते मुख्यतः खडीवर आणि मुळांवर बसलेले जिवाणू. कर्दळ त्यातलं थोडं नत्र-स्फुरद घेते आणि मुळांपाशी थोडा ऑक्सिजन पोचवते. मूळची ही अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली. बी इतकं टणक आणि गोल की इंग्रजीत तिला 'इंडियन शॉट', म्हणजे बंदुकीचा छर्रा, असं नाव पडलं.

पण खरी गंमत पानांची. आधी घट्ट सुरळी येते, मग उलगडून केळीसारखं रुंद पान होतं. मधोमध जाड शीर, तिच्यातून तिरक्या समांतर शिरा. जणू कुणी ड्रॉइंग शीटवर काढलंय! आम्ही ते नुसतं बघत बसलो आणि तिथेच फसलो.

एप्रिलमध्ये टबात पाणी जेवढं घालावं तेवढं बाहेर येईना. टब गळतोय म्हणून सगळीकडे एमसील फासलं. तरी तेच. मग दर तीन तासांनी पातळी मोजली, तर पाणी दिवसा उतरायचं, रात्री जवळजवळ नाहीच. गळती काय रात्री झोपते? शेजारी नुसत्या खडीचा टब ठेवला, त्यातलं पाणी फारसं हललं नाही. म्हणजे पाणी पानांतून उडत होतं! बाष्पोत्सर्जन, दहावीला पाठ केलेलं.

आता हिशोब बघा. समजा 40 लिटर आत गेलं, बीओडी लिटरला 200 मिलिग्रॅम. बाहेर आलं 30 लिटर, बीओडी 80. नुसते 200 आणि 80 पाहिले तर 60 टक्के घट. पण एकूण घाण 8000 मिलिग्रॅमवरून 2400 वर आली, म्हणजे 70 टक्के. पाणी उडालं, उरलेली घाण कमी पाण्यात दाटली. आम्ही फ्लो धरलाच नव्हता, म्हणून कर्दळीचे मार्क कापत होतो.

रिपोर्टातली सगळी टेबलं पुन्हा केली. एमसील मात्र अजून टबावर तसंच आहे.