खणाच्या पेंडंटच्या कडा उसवतात, माळ तुटते

प्रश्न : मी खणाच्या कापडाची पेंडंट करून काचमण्यांच्या माळेत ओवते. थोड्याच वापरात कडा उसवतात, दोरा तुटतो. काय करावे?

उत्तर : खण कापण्याआधीच उलट बाजूला इस्त्रीने चिकटणारे पेस्टिंग लावा, शिवणसाहित्याच्या दुकानात ते मिळते. आकार कापून मग लावले, तर कडेचे धागे तोवर सुटलेले असतात. कागदाला पेंडंटएवढी खिडकी कापून ती खणावर फिरवा आणि बुट्टी नेमकी मध्ये आली की खूण करा. खणाचे सगळे सौंदर्य त्या बुट्टीत आहे, ती अर्धवट कापलेली पाहवत नाही. पेंडंटच्या आतल्या कडक चकतीपेक्षा कापड सर्व बाजूंनी १ सेंमी मोठे ठेवून कडा मागे दुमडा, मागे फेल्ट लावून बारीक टाके घाला. नुसत्या गोंदावर विसंबू नका. पातळ गोंद वर झिरपून डागही पाडतो.

काचमण्याच्या भोकाची कड धारदार असते, ती सुती दोरा कापते. वजनदार माळेला नायलॉनचे आवरण असलेली गिअर वायर वापरा, टोके क्रिम्प मण्यात घालून तो मणी पकडीने दाबा. मणी खेचून ओवू नका. दोन-तीन मिमी सैल सोडले की माळ गळ्यावर नीट वळते. रेशमी गोंडा हवा असेल, तर पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या आणि मजुरीत घासाघीस करू नका, ते कसब तेवढ्या मोलाचे आहे.

गडद खणाचा रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने आधीच तपासा.