काचपट्टी फिरवा, पट्टे मोजा

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा मायकेल्सन व्यतिकरणमापीवर काचेचा अपवर्तनांक काढायचं हे प्रॅक्टिकल दुपारी लावू नका. सकाळचा पहिला तास बरा. पंखा, कूलर दोन्ही बंद ठेवा. कूलरची थरथर टेबलातून चढते आणि पट्टे नाचू लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळची लायगो-इंडिया वेधशाळा याच मायकेल्सनच्या तत्त्वावरची. तिच्या चार-चार किलोमीटरच्या भुजा निर्वात नळ्यांत असतील. आपलं काम दार लावून घेतलं तरी भागतं.

आधी स्क्रू गेजने सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीची जाडी चार ठिकाणी मोजा, शून्यदोष वजा करून सरासरी घ्या. मग ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेझर लावा. लेझरमध्ये डोळा घालायचा नाही, सगळं पडद्यावरच पाहायचं. दोन्ही आरशांचे सर्वांत ठळक ठिपके आरशामागच्या स्क्रूंनी एकावर एक आणा आणि पुढे भिंग ठेवा. वर्तुळाकार पट्टे उमटतील. भुजेजवळ नुसता हात नेला तरी त्याच्या उबेने ते वळवळतात.

आता एका भुजेत, अंशांच्या खुणा असलेल्या फिरत्या स्टँडवर पट्टी उभी करा. ती किरणाला नेमकी काटकोनात हवी, आणि हे नजरेने जमत नाही. पट्टी हळूहळू फिरवा: वर्तुळं सरकतात, मंदावतात, थांबतात आणि उलटी फिरतात. थांबली तिथे शून्य धरा.

तिथून २० अंशांपर्यंत एकाने फिरवावं, दुसऱ्याने पडद्यावरच्या पेन्सिलखुणेवरून जाणारे पट्टे मोजावेत. १० अंशांवर थांबायचा आळस नको; तिथे एक पट्टा चुकला तर अपवर्तनांक ०.०५ ने हलतो, २० अंशांवर जेमतेम ०.०१ ने.

जाडीची दुप्पट अ, पट्टे गुणिले तरंगलांबी ब, आणि १ वजा कोनाचा कोसाइन क.

अपवर्तनांक = [(अ − ब) × क + ब² ÷ २अ] ÷ (अ × क − ब)

समजा जाडी १ मिलिमीटर आणि पट्टे ६७, तर उत्तर १.५१५ येतं. त्याचा वर्ग सुमारे २.३, हाच काचेचा परावैद्युत स्थिरांक. मॅक्सवेलचा हा संबंध पारदर्शक, अचुंबकी पदार्थांना चालतो.

त्याच जातीची काच कपॅसिटरमध्ये घालून कमी वारंवारतेला मोजली, तर आकडा सातच्या आसपास येतो. दोन्ही बरोबर आहेत: काचेतले जड आयन प्रकाशाच्या वेगवान कंपनांना साथ देऊ शकत नाहीत, तिथे फक्त इलेक्ट्रॉन हलतात. म्हणून वहीत निकालाशेजारी तरंगलांबी लिहाच.