कंपनीचे कार्ड आणि खर्चाचा ताळमेळ

जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील, म्हणजेच आजच्या राजीव गांधी सलाईवरील पेरुंगुडी हा चेन्नईचा परिसर माहिती तंत्रज्ञान उद्योगामुळे देशभर परिचित आहे. पुणे-मुंबईच्या अनेक कंपन्यांचे कर्मचारी कामानिमित्त तेथे जातात आणि तिकीट, हॉटेल, टॅक्सी यांची देयके कंपनीच्या क्रेडिट कार्डाने चुकती करतात. कार्डामुळे आगाऊ रोख रक्कम नेण्याची गरज उरत नाही. मात्र हिशेबाची जबाबदारी कमी होत नाही. खर्च-अहवालाची संगणक प्रणाली ही जबाबदारी सुलभ करते, पण ती योग्य रीतीने वापरली तरच.

एक उदाहरण

समजा, पुण्याच्या एका कंपनीचा कर्मचारी दोन रात्रींसाठी पेरुंगुडीस गेला. त्याच्या कार्डावर पुढील व्यवहार झाले: विमान तिकीट ८,४०० रुपये, हॉटेल १०,५०० रुपये, टॅक्सी १,९०० रुपये व भोजन १,२०० रुपये, एकूण २२,००० रुपये. शिवाय ऑटोरिक्षाचे ३०० रुपये त्याने स्वतःच्या खिशातून दिले.

बँकेकडून आलेले कार्ड-व्यवहार प्रणालीत आपोआप दिसतात. कर्मचाऱ्याने प्रत्येक व्यवहारास पावती जोडून खर्चाचा प्रकार व प्रकल्प नोंदवावयाचा असतो. अहवाल २२,३०० रुपयांचा होईल. परंतु कर्मचाऱ्यास देय रक्कम केवळ ३०० रुपये आहे. सर्वच खर्च 'स्वतः केलेला' असे नोंदविल्यास कंपनी २२,००० रुपये दोनदा देईल: एकदा बँकेला आणि एकदा कर्मचाऱ्याला. या प्रणालीतील सर्वांत महाग चूक हीच होय.

हॉटेलबाबत आणखी एक दक्षता हवी. खोली घेताना हॉटेल कार्डावर अंदाजे रक्कम राखून ठेवते. ती १२,००० रुपये असली तरी नोंद अंतिम देयकाचीच, म्हणजे १०,५०० रुपयांची व्हावी.

कराचा प्रश्न

तिकीट काढताना कंपनीचा जीएसटी क्रमांक दिलेला असेल, तर त्यातील ४०० रुपये कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट पुण्यातील नोंदणीवर घेता येते. हॉटेलचे तसे नाही. दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे; म्हणून १०,००० रुपयांवर ५०० रुपये कर लागला. हॉटेल ज्या राज्यात असेल तेथेच ही सेवा पुरविली असे कायदा मानतो. परिणामी निम्मा कर केंद्राचा व निम्मा तामिळनाडूचा लागतो आणि केवळ महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीस त्याचे क्रेडिट मिळत नाही. कंपनीची तामिळनाडूतही नोंदणी असेल आणि खर्च तेथील कामाचा असेल, तर हॉटेलला तो क्रमांक द्यावा. भोजन व टॅक्सी भाड्यावरील क्रेडिट कलम १७(५) नुसार सामान्यतः मिळत नाही.

पुस्तकी नोंद

अहवाल मंजूर होताच प्रवासखर्च २१,९०० व इनपुट टॅक्स क्रेडिट ४०० रुपये नावे. कार्ड-देणे २२,००० व कर्मचारी-देणे ३०० रुपये जमा. बँकेची रक्कम चुकती झाल्यावर कार्ड-देणे खाते नावे व बँक खाते जमा. महिनाअखेर कार्ड-देणे खात्याची बाकी आणि बँकेचे विवरणपत्र जुळले पाहिजे. न जुळल्यास एखादा अहवाल प्रलंबित आहे, परतावा नोंदलेला नाही किंवा व्यवहार पुढील महिन्यात गेला आहे, असे समजून शोध घ्यावा.

ध्यानात ठेवण्याजोगे

१. पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी प्रणालीत चढवावे. कागदावरील शाई लवकर फिकी पडते.
२. पावती हरवल्यास तसे स्पष्ट लिहावे. दुसऱ्या देयकात रक्कम मिसळू नये.
३. चुकून झालेला वैयक्तिक खर्च वेगळा दाखवून ती रक्कम कंपनीस परत करावी.
४. अनोळखी व्यवहार दिसताच तो बँकेस तत्काळ कळवावा. अहवालाची मुदत येईपर्यंत थांबू नये.
५. मंजुरी देणाऱ्याने एकूण रकमेवर समाधान न मानता प्रत्येक ओळ तपासावी.

अहवाल वेळेवर आला, तर देयकही मुदतीत भरले जाते आणि व्याज व विलंब शुल्क टळते. कंपनीची पत आणि कर्मचाऱ्याचा विश्वास या दोहोंचे रक्षण अशा शिस्तीनेच होते.