रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

शहापूर तालुक्यातील तानशाच्या अरण्यात २०१४ साली एका लहानशा घुबडाची नोंद झाली. त्याचे नाव रानपिंगळा. गावच्या वडाच्या ढोलीत राहणारा साधा पिंगळा तुम्ही पाहिलाच असेल. रानपिंगळा हा त्याचाच भाऊबंद, परंतु भर दिवसा शिकार करणारा. त्याच्या नोंदीने पक्षिशास्त्रज्ञांस फार आनंद झाला. तो का, हे कळण्यासाठी एका चोरीची हकीकत ऐकावी लागेल. मुलांनो, तुमच्या शाळेचे विज्ञान प्रदर्शन भरण्यापूर्वीच ती ऐकलेली बरी.

एकोणिसाव्या शतकात खानदेशात जेम्स डेव्हिडसन या नावाचे एक सरकारी अधिकारी होते. त्यांनी रानपिंगळ्याचे काही नमुने मिळविले. त्यांतील शेवटचा १८८४ चा. पुढे हा पक्षी कोणासही दिसेना. तथापि लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आणखी एक नमुना होता. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते, की हा पक्षी कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत, तापीकाठच्या मांडवी येथे मिळविला. कर्नलसाहेब सैन्यातील नामांकित गृहस्थ आणि पक्ष्यांचे मोठे जाणकार! त्यांच्या अक्षरावर कोण शंका घेणार? सालिम अलींसारख्या थोर शास्त्रज्ञांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला; पण त्यांच्या पदरी निराशाच आली. पक्षी नामशेष झाला असावा, असे पुष्कळांस वाटू लागले.

पुढे अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जगातील सर्व जुने नमुने तपासले. कर्नलसाहेबांच्या नमुन्याचे त्यांनी क्ष-किरणांनी परीक्षण केले, तेव्हा त्यात पूर्वी भरलेला कापूस काढून नवा भरल्याच्या खुणा आढळल्या. तो पक्षी मुळात डेव्हिडसन यांचाच होता! संग्रहालयातून तो चोरून, रूप पालटून, नव्या चिठ्ठीसह परत देण्यात आला होता. रासमुसेन व त्यांच्या सोबत्यांनी ती खोटी नोंद बाजूस सारली आणि खऱ्या नोंदींतील प्रदेश धुंडाळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, रानपिंगळा त्यांच्यासमोर एका झाडावर बसलेला होता. शेवटच्या खऱ्या नमुन्यास तेव्हा एकशे तेरा वर्षे लोटली होती. या काळात किती जंगल तुटले, याचा हिशेब कोण देणार?

आता आपल्या प्रकल्पांकडे वळू. बाजारातून तयार प्रतिकृती आणून तीवर आपले नाव चिकटविणे म्हणजे कर्नलसाहेबांचीच चिठ्ठी होय. वडील बंधूंनी तारा जोडून दिल्या असतील, तर तसे वहीत लिहावे. त्यात कमीपणा नाही. मुरबाडकडील एखाद्या ठाकूर किंवा कातकरी आजीबाईंनी रानभाज्यांची माहिती सांगितली, तर त्यांना विचारून त्यांचे नाव प्रथम लिहावे, कारण ती विद्या त्यांची आहे. कोणाच्या विहिरीत दोरी सोडावयाची असल्यास धन्यास आधी विचारावे. आणि प्रदर्शनासाठी पाखरू पकडून आणण्याचा मोह तर कदापि धरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय पिंजऱ्यातील भेदरलेले पाखरू आपणांस शिकविणार तरी काय? झाडाखाली बसून वहीत टिपण करावे.

आकडे हा याहून नाजूक विषय आहे. भातसा आणि तानसा यांचे पाणी मुंबईस जाते, पण शहापूरच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा पाड्यावरील विहिरीची पातळी तुम्ही रोज मोजलीत आणि दोन दिवसांचे आकडे घरी बसून भरलेत, तर ती वही कधीतरी खरोखर उपयोगी पडण्याची वेळ आल्यावर ती फसवील.

याविषयी माझी स्वतःची एक चूक सांगतो. फार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात आम्ही तिघे परीक्षक होतो. एका विद्यार्थ्याचा पाण्याच्या पातळीचा तक्ता रंगीत, सुबक व पूर्ण होता. शेजारी एका मुलीची साधी वही होती. तीत तीन रकाने मोकळे होते आणि पुढे शाईने लिहिले होते, “तापाने आजारी. नोंद घेतली नाही.” आम्ही पारितोषिक रंगीत तक्त्यास दिले. निघताना मी त्या विद्यार्थ्यास सहज विचारले, “बाळ, दिवाळीच्या दिवशी पाणी कोणी मोजले?” तो खाली पाहू लागला. त्या दिवशी तो मामाच्या गावी होता.

पारितोषिक दिले गेले होते. मी त्या मुलीकडे परत गेलो आणि वहीची पुन्हा एकदा मागणी केली. तिला वाटले, मी मोकळ्या रकान्यांबद्दल रागावणार. ती म्हणाली, “गुरुजी, आता भरू का ते?” मी म्हणालो, “नको बाळ, मुळीच भरू नकोस,” आणि त्या पानाखाली तारीख घालून माझी सही केली.