चार दिवसांचं काम एका दिवसात

अमेरिकेत आयोवाच्या ग्रामीण भागात गावोगावी छोट्या टेलिफोन कंपन्या आहेत. त्यांतल्या कित्येक सहकारी. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याचा ग्राहकाचा हक्क १९९६च्या कायद्यातला. पण साधा एका लाइनचा नंबर हलवायलाही कामकाजाचे चार दिवस लागत. मे २००९मध्ये एफसीसी या केंद्रीय नियामकाने ते एका दिवसावर आणलं. छोट्या कंपन्यांना मुदत होती २ फेब्रुवारी २०११पर्यंत. त्या काळात अशा कंपन्यांची घडी बसवून देताना जे शिकलो ते हे.

१. आधी माणूस, मग सॉफ्टवेअर. आपल्याकडे मोबाइलचा ग्राहक १९००वर एसएमएस करून स्वतः कोड मिळवतो. तिथे लँडलाइनचा अर्ज एका कंपनीच्या ऑफिसातून दुसरीच्या ऑफिसात जातो. बिलाचे पैसे घेणाऱ्या, तक्रारी लिहून घेणाऱ्या आणि हे अर्ज बघणाऱ्या बाई एकच. दुपारी एकच्या आत बिनचूक अर्ज आला, तर चार तासांत होकार द्यायचा आणि मध्यरात्रीपासून नंबर हलवायला मोकळा हवा. बाई रजेवर आणि अर्ज फॅक्सच्या ट्रेमध्ये, अशी वेळ आली की सगळंच अडलं. म्हणून मी पहिला आग्रह धरायचो तो दुसऱ्या कुणाला तरी हे काम शिकवण्याचा.

२. नोंदी साफ करा. जुनं बिलिंग सॉफ्टवेअर खाते क्रमांकाच्या आधी शून्यं लावतं. छापील बिलावर ती नसतात. ग्राहक बिलावरचा आकडा सांगतो आणि अर्ज फेटाळला जातो. पूर्वी प्रत्येक कंपनी वेगवेगळी माहिती मागायची. साध्या अर्जाला १४ ठरावीक रकाने बांधून दिले, हे फार चांगलं झालं.

३. होकार दिला की लगेच एक्स्चेंजमध्ये त्या नंबरावर ट्रिगर लावा, म्हणजे फोन जोडण्याआधी नंबर आता कुणाकडे आहे हे तपासायला लावणारी खूण. मग जुनी लाइन काढायची राहिली तरी शेजाऱ्याचा फोन योग्य कंपनीकडे जातो.

४. ९११ या आणीबाणीच्या सेवेच्या यादीतली नोंद वेळेवर मोकळी करा, म्हणजे नव्या कंपनीला ती आपल्या नावावर घेता येते. शेतावरच्या एकट्या घरी रुग्णवाहिका पोचायची, तर यादीत माहिती बरोबरच हवी. इथे चालढकल मला कधीच सहन झाली नाही.

५. जाणाऱ्या ग्राहकाला अडवू नका. थकबाकी असली तरी नंबर रोखून धरता येत नाही. नंबर वेळेत सोडा, बिल वेगळं पाठवा.